चाकापुढचे दगड

आता गाडी घ्यायची तर घ्यावी माणसानं, नको कोण म्हणतं? पण घेण्याआधी ती ठेवायची कुठं, एवढं तरी बघावं की नाही! दीपकनं नाही बघितलं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या करणारा हा गडी, वरंधच्या अलीकडे डोंगरात चढलेल्या उंबरवाडीत राहणारा, आणि गाडी आणली ती केवढी? चार दारांची, उंच चाकांची, मागं सामानाचा हौदा असलेली पिकअप. ती पहिल्यांदा वाडीच्या बोळातून वर आली तेव्हा दोन्ही आरसे दुमडून, दोन माणसं पुढं हात हलवत आणि दोन मागं ओरडत, अशी वरातीसारखी आणावी लागली. तरी एका पडवीचा खांब खरवडला गेलाच.

पहिले आठ दिवस गाडी देवळापुढं होती. मग गावकीनं सांगितलं, इथं पालखी टेकते, उचल. शाळेच्या पटांगणात नेली, तर बाई म्हणाल्या, पोरं हौद्यात चढून उड्या मारतात, उद्या एखादं पडलं तर जबाबदार कोण? रस्त्याच्या कडेला ठेवली, तर दुधाचा टेम्पो अडला. खाली डांबरी रस्त्यावर चहाच्या टपरीजवळ ठेवली, तर सकाळी एक आरसा गायब आणि हौद्यात कुणाच्या तरी कोंबड्या बसलेल्या. शेवटी दीपकच्या बापानं, कोंडाजीनं, घरापुढचा नाचणीचा तुकडा मोडून दिला. जेसीबीनं एका दिवसात तो सपाट केला, वर मुरूम पसरला, आणि गाडीला जागा झाली.

त्या तुकड्याच्या बरोबर खाली ठकूबाईचं घर होतं.

ठकूबाई म्हणजे कोंडाजीची थोरली भावजय. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा ओम मुंबईला गोदामात कामाला. वाटणीत वरचं कोंडाजीला गेलं, खालचं हिच्याकडं आलं, आणि मधे उरला तो बांध. दीड पुरुष उंचीचा, चुना नाही की सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. बांध कोंडाजीचा, कारण त्याचं शेत तो धरून होता. बांधाचा पायथा आणि ठकूबाईच्या घराची मागची भिंत, मधे जेमतेम चार हातांची वाट. मागचं दार उघडून वर बघितलं की पूर्वी नाचणीची कणसं दिसायची. आता दोन दिवे आणि लोखंडी जाळीचा जबडा दिसायला लागला.

तळीये दरडीखाली गेलं त्या पावसापासून या डोंगरातल्या माणसांना खोडच लागलीय. घराबाहेर पाऊल टाकलं की आधी मान वर. डोक्यावर काय आहे, कडा आहे, झाड आहे की धोंडा? ठकूबाईच्या डोक्यावर गाडी आली.

"दीप्या, तुझी गाडी खाली आली म्हंजे रे?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"काकी, गिअरात टाकलीय, हँडब्रेक वढलाय. दोन टनाची गाडी हाय, वाऱ्यानं उडणार नाय."

"दोन टनाची हाय म्हणूनच इचारते ना मेल्या! उडायची कशाला, घरंगळली तर?"

दीपक हसला. हसायचंच ना, वर राहणाऱ्याला काय जातं? कोंडाजीकडं गेली, तर तो तंबाखू मळत म्हणाला, "वयनी, जागा आमची, गाडी आमची. तुमच्या हद्दीत चाक आलं तर बोला." झालं. हद्दीची भाषा आली की माणसानं गप्प बसावं. ठकूबाई गप्प बसली, पण जीव काही गप्प बसेना. त्या तुकड्याला बांधाकडं थोडा उतार होता, डोंगरातल्या शेताला असतोच. भांडं घासताना, भात निवडताना, तिची नजर सारखी वर जाई. चाक हललं का? कालच्यापेक्षा दिवे पुढं आलेत का? एकदा तर तिनं बांधाच्या कडेला कोळशानं खूण करून ठेवली, आणि पावसाच्या सरीनं ती धुतली तर दिवसभर हिला घास गेला नाही.

त्यातून घरात मानसी. ओमची बायको, पोटुशी. मानसीला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. आणि बाळंतिणीची खोली कुठली? मागची. चूल तिथं, न्हाणी तिथं, ऊब तिथं. म्हणजे बाळ-बाळंतीण बरोबर त्या जबड्याखाली!

मग तिनं तेच केलं, जे तिच्या सासऱ्यानं बैलगाडीला केलं असतं. उतारावर चाक उभं असलं की पुढं दगड लावायचा. ब्रेक-बिक शहरातल्या गोष्टी, दगडाला काय तोड आहे? दिवेलागणीला, दीपक गाडी लावून घरात गेला की ही बांधाच्या कडेच्या पायऱ्यांनी वर चढायची आणि पुढच्या दोन्ही चाकांपुढं एकेक दगड सारून यायची. पहिल्या दिवशी तिनं आपल्या अंगणातला चांगला काळा दगड नेला. सकाळी बघते तर दगड गायब! दीपकनं तो उचलून शेजारच्या ओहोळात भिरकावला होता. त्याचंही खरं होतं म्हणा. गाडी बोळातून आत यायची ती बांधाकडं तोंड करून, आणि परत जायला त्या तुकड्यावरच पाच-सात वेळा पुढं-मागं करून वळवावी लागायची. पुढचं डावं चाक पार बांधाच्या कोपऱ्यावर न्यायचं, मग मागं, मग पुन्हा पुढं. अशा वळवणीत टायरखाली दगड आला की टायर फाटतो. आणि पहिल्या पाळीची घाई. त्याला वाटायचं, बापच लावतो हे दगड. बापाला काय बोलणार? उचलायचा आणि टाकायचा.

ठकूबाई मात्र पेटली. माझा दगड टाकतो? थांब! तुमची गाडी, तुमचा बांध, आता तुमचेच दगड. बांधाचा डावा कोपरा मागच्या पावसात जरा ढासळला होता, चार-सहा दगड खाली पडून होते. तिनं ते नेले. ते संपले. मग कोपऱ्यातले सुटे होते ते काढले. ते संपल्यावर, जो हातानं हलतो तो काढला. शेतकऱ्याची बाई ती, बांध म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आपल्या बांधाचा खडासुद्धा तिनं कुणाला हलवू दिला नसता. पण हा बांध आपला नव्हता. आणि दसऱ्यानंतर रचून देऊ की सगळा, असं ती स्वतःला सांगायची. रोज दोन दगड वर, रोज दोन ओहोळात. मृग गेला, आर्द्रा गेली, मानसी बाळंत झाली, मुलगी झाली, बारसं झालं, दिशा नाव ठेवलं. दगड चालूच. दगड लावून खाली आली की तिला तेवढी एक रात्र झोप लागायची.

आषाढात चार दिवस पाऊस कोसळला. तो पाऊस नव्हेच, वरून कुणी तरी पखाल फोडली होती. महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरल्याचं फोनवर आलं, दीपकला कंपनीनं येऊ नको सांगितलं, आणि गाडी दिवसभर जागची उभी राहिली. डोंगराखालच्या घरांनी शाळेत यावं, असं ग्रामपंचायतीनं सकाळीच कळवलं होतं. ठकूबाई म्हणाली, सतरा दिवसांच्या लेकराला घेऊन त्या ओल्या फरशीवर कुठं जाऊ? दुपारपर्यंत बघू. बघू, बघू म्हणता दुपार झाली.

तीनच्या सुमाराला ती राख टाकायला मागच्या दारी गेली. मानसी आत शेक घेऊन पडली होती, दिशा झोळीत निजली होती. बांधातून पाणी येत होतं. त्यात नवल काही नाही, दगडी बांधातून पावसात पाणी झिरपतंच, झिरपायलाच हवं. पण ते नितळ असतं. आज डाव्या कोपऱ्यातून येणारं पाणी लाल होतं. दाट, मातीचं. आणि नुसतं झिरपत नव्हतं, पिचकारीसारखं उडत होतं. ठकूबाई बघत राहिली. तिच्यादेखत एक मूठभर माती सुटली आणि पायाशी पडली. मग ओंजळभर.

कोपरा आतून पोकळ झाला होता. जिथं जिथं दगड नव्हता, तिथं तिथं काळी भोकं दिसत होती. दात पडलेल्या तोंडासारखा दिसत होता तो बांध, आणि ते दात कुणी पाडले हे तिला पक्कं ठाऊक होतं. देवा रे! राखेचं सूप तिथंच पडलं.

आणि इथं ती चुकली. माणूस दीड महिना एकाच गोष्टीला भीत राहिला की घाबरल्यावर त्याच गोष्टीकडं धावतो. ठकूबाई आत पळाली नाही. ती वर पळाली. "दीप्या! दीप्या रे! गाडी काढ! आधी गाडी काढ!"

दीपक भाकरीवरून उठून पडवीत आला. कोंडाजीही आला. "काय झालं वयनी?"

"बांधातनं माती येतेय. गाडीचं वजन काढा. काढा आधी!"

एरवी दीपक हसला असता. आज नाही हसला, तिचा चेहराच तसा होता. तो किल्ली घेऊन भिजत पळाला, चाकांपुढचे दोन दगड लाथेनं बाजूला सारले, चढला, दार लावलं, काच वर केली, इंजिन सुरू केलं. आणि रोजच्या सवयीनं त्यानं चाक डावीकडं वळवलं. वळायला जागा तीच ना! पुढचं डावं चाक कोपऱ्यावर न्यायचं, मग मागं.

ठकूबाई दोन पावलं पुढं झाली. सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. कोंडाजी शेजारी उभा. ज्याच्या बांधाला हात लावला तो माणूस शेजारी उभा, आणि ओरडायचं काय? तेवढ्यात चाक एक हात पुढं सरकलं.

"त्या कोपऱ्यावर नको रे!" ती ओरडली. "दगड नाय तिथं! मी काढलेत! मी काढले रे दगड!"

पण कोण ऐकतंय? पत्र्यावर पाऊस, इंजिनाचा आवाज, काच बंद, वायपर सपासप चाललेला. कोंडाजीला कमी ऐकू येतं, तो "काय? काय?" करत राहिला. चाक आणखी सरकलं. मग ठकूबाई पळाली. साठी ओलांडलेली बाई, चिखलात चप्पल सोडून, थेट गाडीपुढं, थेट त्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात वर. तिच्या पायाखालची जमीन मऊ लागत होती, शिजलेल्या भातासारखी, आणि पाय हळूहळू आत जात होते.

गाडी करकचून थांबली. बंपर तिच्या पोटापासून वीतभर अंतरावर होता.

दीपक हँडब्रेक ओढून, दार उघडून शिव्या देतच उतरला. "मराया येतेस काय गो काकी? दिसत नाय?" त्यानं तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं, आणि ती उभी होती तिथली माती त्याच्यादेखत खाली गेली. सूप मावेल एवढं भोक पडलं. त्यातून खालचं घर दिसत होतं. दीपकनं वाकून बघितलं.

"दगड कुठं गेले हितले?"

"मीच काढत हुते. तुझ्या चाकाला लावायला. रोज."

"ते तू लावत होतीस? मला वाटलं आबा लावतात. मी तर ते रोज..." त्यानं ओहोळाकडं बघितलं. दोघांनी मिळून तो बांध पोखरला होता, एकानं काढायचं आणि दुसऱ्यानं टाकायचं. पण ते बोलायला वेळ नव्हता. दीपकनं एकच विचारलं, "मानसीवयनी कुठंय?"

मानसी! दिशा! गाडी, गाडी करत ती वर आली होती, आणि लेकरू त्याच भिंतीमागं झोळीत होतं. तिनं हाकसुद्धा मारली नव्हती.

पायऱ्यांवरून ती कशी उतरली ते तिला नंतर आठवलं नाही. दीपक तिच्या पुढं होता. चार हातांच्या त्या वाटेवर घोट्याएवढा लाल चिखल झाला होता आणि बांध कुरकुरत होता. दगडावर दगड घासल्याचा तो आवाज ठकूबाईच्या छातीत घुसला. आत मानसी अर्धवट उठून बसली होती. "काय झालं? कसला आवाज?"

"ऊठ! चल भायर!"

"आई, झोळी तरी सोडू दे..."

"झोळी मरू दे!" दीपकनं लेकरू दुपट्यासकट उचललं. ठकूबाईनं मानसीचा हात धरून ओढलं, टाके पडलेल्या बाईला कुणी ओढू नये तसं ओढलं. माजघर, ओटी, अंगण. अंगणातल्या तुळशीपाशी पोचतात न पोचतात तोच मागं मोठं काही तरी बसल्यासारखा आवाज झाला. फार मोठा नव्हता. दगडांची गाडी रिकामी करावी तेवढाच. मग पत्रे वाजले, मग शांत. आणि दिशा रडायला लागली.

बांधाचा डावा कोपरा मागच्या खोलीत येऊन बसला होता. भिंत नव्हती. चूल नव्हती. झोळी ज्या वाशाला टांगली होती तो वासा मोडून दगडांवर आडवा पडला होता.

आणि गाडी? ती वर होती तिथंच होती. पुढचं डावं चाक हवेत लोंबकळत होतं, दिवे चालू होते, वायपर अजून फिरत होता. पण ती तसूभरसुद्धा हलली नाही. हँडब्रेक म्हणे.

सगळी वाडी गोळा झाली. पुरुषांनी दोर बांधून गाडी मागं खेचून घेतली. बायकांनी बाळ-बाळंतिणीला कोंडाजीच्या ओटीवर नेलं, कोरडं नेसवलं, शेगडी पेटवली. ठकूबाई भिंतीला टेकून बसली, मांडीवर दिशाला घेऊन. लेकराच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. ती पुन्हा पुन्हा दुपटं उघडून बघत होती, हात बघ, पाय बघ, टाळू बघ.

ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. "त्या गाडीनं घात केला बघा. एवढं धूड बांधावर उभं करतात काय?" "कोंडाजीनं तरी पोराला सांगायचं." "नशीब म्हणा, ठकूबाईनं वेळेवर वळखलं. नायतर काय झालं असतं!" कुणीतरी चहा आणून तिच्या हातात दिला.

कोंडाजी मान खाली घालून बसला होता. दीपक दाराशी उभा होता, चिखलानं माखलेला. "व्हय," तो म्हणाला, "वजन झालं बांधाला. चुकलं माझं." त्यानं ठकूबाईकडं एकदा बघितलं आणि नजर वळवली. तो बोलणार नव्हता. ठकूबाईला ते कळलं. ती गप्प बसली असती तर ही गोष्ट त्या दोघांतच राहिली असती, जन्मभर.

मानसी फोनवर ओमला सांगत होती. आता कुठं तिला रडू फुटलं होतं. "नाय, आम्ही बरे आहोत. दिशा बरी आहे. पण खोली गेली हो. आईंनी दीपकभावजींना कितीदा सांगितलं होतं, गाडी लावू नका वर. किती विनवलं. पण ऐकलं नाय त्यांनी. आमच्या जिवाची काय किंमत हाय त्यांना? त्यांना पोटचं लेकरू असतं तर कळलं असतं." पलीकडून ओम काहीतरी मोठ्यानं बोलत होता. पोलीस हा शब्द ओटीवरच्या सगळ्यांना ऐकू आला. मानसी म्हणाली, "करा. कराच तुम्ही केस. सोडू नका त्यांना."

दीपक चिखलाचे हात पुसत दाराशीच उभा राहिला.

"मानसी," ठकूबाई म्हणाली. "मानसी गो, फोन ठेव. गाडीनं नाय पडला बांध."

"म्हंजे?"

"त्या कोपऱ्याचे दगड मी काढलेत. दीड महिना काढतेय. रोज दोन. गाडी घरंगळंल म्हणून चाकापुढं लावायला." ती थांबली, पण आता अर्धं ठेवून चालणार नव्हतं. "आणि मघाशी मी माती बघितली, तवा तुम्हास्नी उठवायचं सोडून मी वर गेले. गाडी काढा सांगाया. तुमची आठवण मला नाय झाली. दीप्यानं इचारलं तवा झाली."

फोनमधून ओमचं "हॅलो, हॅलो" चाललं होतं. मानसीनं तो बंद केला. रागावली असती, ओरडली असती, तरी ठकूबाईनं ते सोसलं असतं.

मग मानसी भिंतीला धरून उठली. सतरा दिवसांच्या बाळंतिणीनं असं उठू नये, बायका "अगं, अगं" करत पुढं झाल्या, पण ती उठली. ठकूबाईपुढं वाकली, तिच्या मांडीवरून दिशाला उचलून घेतलं, आणि ओटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.